पश्चिम सहारा : साक्षीदार नको असलेला प्रदेश

2013 च्या सुरुवातीला पश्चिम सहाराच्या वाळवंटात, मेहेरिस या ठिकाणाजवळ, एका मेंढपाळाला वाळूतून वर आलेली माणसाची हाडे दिसली. खबर पोहोचली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातील न्यायवैद्यक तज्ज्ञांचे एक पथक तिथे आले. स्पेनच्या यादवी युद्धातल्या सामूहिक कबरी उघडण्याचा या लोकांना दांडगा अनुभव होता. त्यांनी वाळू हाताने आणि ब्रशने बाजूला केली. दोन उथळ खड्ड्यांत मिळून आठ सांगाडे निघाले. त्यांतले दोन अल्पवयीन मुलांचे होते. अंगावरचे कपडे तसेच होते, म्हणजे कोणी विधिवत दफन केलेले नव्हते. काडतुसांच्या पुंगळ्या सापडल्या. कपड्यांत स्पॅनिश राजवटीने दिलेली ओळखपत्रे सापडली. पुढे निर्वासितांच्या छावण्यांतल्या नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए तपासणी झाली आणि नावे जुळली. उंट-बकऱ्या राखणारी ही भटकी माणसे फेब्रुवारी 1976 मध्ये मोरोक्कोच्या लष्करी तुकडीच्या हाती लागली होती. त्यांना जागीच गोळ्या घातल्या गेल्या. त्या वेळी लहान असलेल्या एका मुलाने हे पाहिले होते आणि तो ते वर्षानुवर्षे सांगत होता.

या आठजणांबद्दल सरकारी दप्तर काय म्हणत होते, हे पाहिले म्हणजे प्रकरणाचे खरे स्वरूप कळते. मोरोक्कोच्या मानवाधिकार परिषदेने 2010 मध्ये जी माहिती प्रसिद्ध केली, तीत यांपैकी चौघांना अटक करून स्मारा शहरातल्या लष्करी तळावर नेल्याचे आणि तिथे त्यांचा मृत्यू झाल्याचे लिहिलेले होते. उरलेल्या चौघांचा उल्लेखच नव्हता. कागदावर जे कोठडीत मेले होते, ते प्रत्यक्षात वाळवंटात, पकडले गेले त्याच जागी पडून होते. सदतीस वर्षे घरच्यांकडे ना मृत्यूचा दाखला, ना कबर. शोक करायचा की वाट पाहायची, हेसुद्धा त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पश्चिम सहारा हा आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातला, अटलांटिक महासागराच्या काठचा प्रदेश. वर मोरोक्को, खाली आणि पूर्वेला मॉरिटानिया, आणि ईशान्येला अल्जीरियाची थोडीशी हद्द. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 66 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी. लोकवस्ती मात्र पाच-सहा लाखांच्या घरात. इथले मूळ रहिवासी साहरावी म्हणून ओळखले जातात. हसानिया नावाची अरबी बोली बोलणारे, परंपरेने पावसामागे कळप घेऊन फिरणारे हे लोक. 1884 पासून इथे स्पेनची सत्ता होती. 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा प्रदेश ‘अस्वयंशासित प्रदेशां’च्या यादीत घातला, म्हणजे वसाहतमुक्ती अजून व्हायची आहे अशा प्रदेशांच्या यादीत. तो आजही त्या यादीत आहे आणि आफ्रिकेतला एवढा मोठा दुसरा प्रदेश त्या यादीत उरलेला नाही.

बेपत्ता होण्याची परंपराही तिथे स्पॅनिश काळापासूनची आहे. 17 जून 1970 रोजी एल आयून शहरातल्या झेमला भागात लोकांनी स्वातंत्र्याची मागणी करणारी सभा भरवली. स्पॅनिश सैन्याने गोळीबार केला. चळवळीचा नेता मोहम्मद बसिरी हा तरुण पत्रकार पकडला गेला आणि त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. स्पेनने त्याचे काय केले याचा खुलासा आजवर झालेला नाही. तीन वर्षांनी, मे 1973 मध्ये, स्वातंत्र्य मागणारी पोलिसारिओ आघाडी स्थापन झाली आणि तिने बंदूक उचलली.

1974 मध्ये स्पेनने शिरगणती केली. 73,497 साहरावी नोंदले गेले. सार्वमत घेऊन निघून जायचे असा स्पेनचा विचार होता. मोरोक्कोचा राजा दुसरा हसन याला ते मान्य नव्हते. हा प्रदेश पूर्वापार आमच्या सुलतानांचा आहे, असा त्याचा दावा होता. मॉरिटानियाचाही दावा होता. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेले. त्या पीठात भारताचे न्यायमूर्ती नगेंद्र सिंह हेही होते. 16 ऑक्टोबर 1975 रोजी न्यायालयाने मत दिले. सुलतान आणि सहारातल्या काही टोळ्या यांच्यात निष्ठेचे संबंध होते, हे न्यायालयाने मानले. मात्र त्यावरून या भूमीवर मोरोक्कोची किंवा मॉरिटानियाची सार्वभौम सत्ता होती असे सिद्ध होत नाही, आणि इथल्या लोकांनी आपले भवितव्य स्वतः ठरवण्याच्या तत्त्वाला त्या संबंधांमुळे बाध येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पीठातले अमेरिकी न्यायमूर्ती हार्डी डिलार्ड यांनी आपल्या स्वतंत्र मतात सांगितले, की भूमीचे भवितव्य लोकांनी ठरवायचे असते, लोकांचे भवितव्य भूमीने ठरवायचे नसते. या सगळ्या वादावर इतके नेमके बोलणे मला दुसरीकडे आढळलेले नाही.

त्याच दिवशी राजा हसनने ‘हरित मोर्चा’ जाहीर केला. 6 नोव्हेंबर रोजी साडेतीन लाख मोरोक्कन नागरिक कुराण आणि झेंडे हातात घेऊन सीमेपलीकडे निघाले. त्याच्या काही दिवस आधीच मोरोक्कोचे सैन्य ईशान्येकडून आत शिरले होते. माद्रिदमध्ये हुकूमशहा फ्रँको मरणपंथाला लागला होता. स्पेनच्या सरकारने 14 नोव्हेंबरला मोरोक्को आणि मॉरिटानियाशी करार करून प्रदेशाचा कारभार त्यांच्या हाती दिला आणि फेब्रुवारी 1976 मध्ये काढता पाय घेतला. ज्यांच्याबद्दल करार होता, त्या साहरावींना त्या टेबलावर खुर्ची नव्हती. 27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओने साहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक घोषित केले. मॉरिटानियाने 1979 मध्ये माघार घेतली, तेव्हा तो भागही मोरोक्कोने घेतला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपल्या ठरावात याला ‘कब्जा’ म्हटले, म्हणजे परक्या सैन्याचा ताबा.

मेहेरिसची हत्या या सत्तांतराच्या गोंधळातली. त्याच फेब्रुवारीत शहरे सोडून पूर्वेकडे पळणारी कुटुंबे उम्म द्रेगा आणि आसपासच्या तळांवर तंबू ठोकून राहिली होती. मोरोक्कोच्या विमानांनी त्यांच्यावर बॉम्ब टाकले. नापाम आणि पांढरा फॉस्फरस वापरल्याचे वाचलेल्यांनी सांगितले आहे. जे वाचले ते अल्जीरियाची सीमा ओलांडून टिंडूफ गावाजवळच्या रखरखीत पठारावर पोहोचले. पुरुष लढायला गेले आणि बायकांनी छावण्या उभ्या केल्या. छावण्यांना नावे दिली ती मागे सुटलेल्या गावांची : एल आयून, स्मारा, दाख्ला, औसर्द, बुजदूर. 2018 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार तिथे 1 लाख 73 हजार 600 माणसे राहत होती. आता त्या छावण्यांत जन्मलेल्यांची नातवंडेही तिथेच वाढत आहेत. 2015 मध्ये न्यायालयीन बाजूने जे झाले तेही इथेच नोंदवतो : स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश पाब्लो रुझ यांनी मेहेरिसच्या कबरींसह या काळातल्या घटनांवरून अकरा मोरोक्कन अधिकाऱ्यांवर वंशसंहाराचा आरोप ठेवण्याचा आदेश दिला. मोरोक्कोने त्यांना कोणाच्या स्वाधीन केलेले नाही.

जे पळू शकले नाहीत, त्यांच्यासाठी पुढची पंधरा वर्षे तुरुंगाची होती, आणि हे तुरुंगही नकाशावर नव्हते. अ‍ॅटलास पर्वताच्या पलीकडे अग्द्झ आणि कलात मगूना इथल्या जुन्या गढ्यांत, तसेच एल आयूनमधल्या एका पोलिसी तळावर शेकडो साहरावींना डांबून ठेवले होते. त्यांच्यावर खटला नव्हता, त्यांची नोंद नव्हती. घरच्यांनी विचारले तर ‘असा माणूस आमच्याकडे नाही’ हे उत्तर. कैद्यांत म्हातारे होते, बायका होत्या, पोलिसारिओत गेलेल्या कोणाचे तरी नातेवाईक एवढाच ज्यांचा गुन्हा होता असेही होते. कित्येकजण तिथेच भुकेने आणि आजाराने मेले. जून 1991 मध्ये, मोरोक्को आणि पोलिसारिओ यांच्यातल्या युद्धबंदीच्या तोंडावर, तीनशेहून अधिक लोक अचानक सोडले गेले. त्यांतल्या काहींनी पंधरा-सोळा वर्षे आत काढली होती. सरकार इतकी वर्षे अशा कैद्यांचे अस्तित्वच नाकारत होते.

बळजबरीने बेपत्ता करणे हा गुन्हा खुनापेक्षा वेगळा का मानतात, ते या प्रकरणात लख्ख दिसते. खुनात प्रेत असते, साक्षी असतात, पंचनामा होतो. इथे सरकार माणूसच नाहीसा करते आणि मग तो नसल्याचे सांगते. कायदा ज्या क्षणी सुरू व्हायचा, तो क्षणच येऊ दिला जात नाही. बायको विधवा ठरत नाही, मुलांच्या नावावर काही होत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कायदा असे मानतो, की माणसाचे काय झाले ते सांगितले जाईपर्यंत हा गुन्हा चालूच असतो.

सुटलेल्यांमध्ये अमिनातू हैदर होत्या. 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे एक पथक एल आयूनला येणार होते. त्याच्यासमोर सार्वमताची मागणी करायची, असे काही तरुणांनी ठरवले होते. पथक यायच्या आधीच त्यांना उचलले गेले. विशीतल्या हैदर जवळजवळ चार वर्षे बेपत्ता होत्या, त्यांतला बहुतेक काळ डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. सुटल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. 2005 मध्ये पुन्हा तुरुंगात गेल्या. नोव्हेंबर 2009 मध्ये न्यूयॉर्कला एक पुरस्कार घेऊन त्या परतल्या. एल आयूनच्या विमानतळावर उतरताना भरायचा साधा कागद असतो. त्यात राहण्याच्या देशाच्या रकान्यात त्यांनी ‘पश्चिम सहारा’ असे लिहिले. अधिकाऱ्यांनी त्यांचा पासपोर्ट काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या लांझारोते बेटावर पाठवून दिले. दोन मुले घरी होती. तिथल्या विमानतळावर हैदर उपोषणाला बसल्या. 32 दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. वॉशिंग्टन, पॅरिस, माद्रिद सगळीकडून दबाव आला, तेव्हा डिसेंबरमध्ये त्यांना घरी जाऊ दिले.

एका रकान्यातल्या दोन शब्दांसाठी एका आईला देशाबाहेर काढले जाते. मोरोक्कोत राजसत्ता, इस्लाम आणि ‘प्रादेशिक अखंडता’ या तीन गोष्टींवर शंका घेणे हा दंडनीय अपराध आहे. पश्चिम सहारा हा आपल्याच देशाचा दक्षिण भाग आहे, असे एकदा राज्याने ठरवले, की तिथला स्वातंत्र्याचा शांत उच्चारही अखंडतेवरचा हल्ला ठरतो. त्यामुळे मोर्चाला परवानगी मिळत नाही, संघटनेची नोंदणी होत नाही. गंभीर मानवाधिकार उल्लंघनांतल्या बळींची ‘आस्वेडिह’ ही साहरावी संघटना 2005 मध्ये स्थापन झाली. तिला नोंदणीसाठी दहा वर्षे थांबावे लागले. बुजदूरच्या सुलताना खया यांच्या घराला नोव्हेंबर 2020 पासून सुमारे दीड वर्ष पोलिसांचा वेढा होता. 2007 च्या एका विद्यार्थी आंदोलनात पोलिसी मारहाणीत त्यांचा एक डोळा गेलेला आहे. घरात कोंडून ठेवण्याचा कोर्टाचा आदेश त्यांना कधी दाखवला गेला नाही.

2010 च्या ऑक्टोबरमध्ये एल आयूनपासून सुमारे बारा किलोमीटरवर, ग्देम इझिक या ठिकाणी, साहरावींनी वाळवंटात तंबू ठोकायला सुरुवात केली. मागण्या नोकरी आणि घरांच्या होत्या. हजारो तंबू आणि हजारो माणसे जमली. 8 नोव्हेंबरच्या पहाटे सुरक्षा दलांनी ही छावणी उठवली. हाणामारी झाली आणि तिचे लोण शहरात पसरले. मोरोक्कोच्या म्हणण्याप्रमाणे सुरक्षा दलांची अकरा माणसे मारली गेली. दोन साहरावी नागरिकही मेले. अकरा जवानांचा मृत्यू ही काही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्या घरच्यांना खरा तपास आणि खरा निकाल मिळणे हा त्यांचा हक्क होता.

मिळाले काय? पंचवीस जणांवर रबातच्या लष्करी न्यायालयात खटला चालला. नागरिकांवर, लष्करी न्यायालयात. फेब्रुवारी 2013 मध्ये बहुतेकांना 20 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा झाल्या. पुराव्याचा मुख्य आधार होता पोलिसांसमोर दिलेले कबुलीजबाब. आपल्याला छळ करून सह्या करायला लावले, असे आरोपी पहिल्यापासून सांगत होते. त्यांच्यापैकी नामा अस्फारी यांना तर छावणी उठवण्याच्या आदल्या दिवशीच अटक झाली होती. त्यांचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे गेले. समितीने 2016 मध्ये निर्णय दिला, की मोरोक्कोने छळविरोधी कराराचा भंग केला आहे आणि छळाच्या तक्रारीची चौकशीही केलेली नाही. त्याच वर्षी मोरोक्कोच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायालयाचा निकाल रद्द केला. मग नागरी न्यायालयात नव्याने खटला झाला आणि जुलै 2017 मध्ये शिक्षा जवळपास तशाच राहिल्या. अशा खटल्यात दोन्हीकडच्यांची फसवणूक होते. निरपराध माणूस आत जाण्याची शक्यता असते, आणि मेलेल्या जवानाला खरे कोणी मारले ते कधीच कळत नाही.

मोरोक्कोनेही भूतकाळाकडे अगदीच पाठ फिरवली असे नाही. 2004 मध्ये राजा सहावा मोहम्मद याने न्याय आणि समेट आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष द्रिस बेनझेक्री स्वतः अनेक वर्षे राजकीय कैदी होते. 1956 ते 1999 या काळातल्या अत्याचारांची आयोगाने चौकशी केली, हजारोंना भरपाई दिली, पीडितांच्या साक्षी टीव्हीवर दाखवल्या. अरब जगात असे पहिल्यांदाच घडत होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. तरी दोन गोष्टी राहिल्या. अत्याचार करणाऱ्यांची नावे उच्चारायची नाहीत, हा नियम होता. आणि एल आयूनला ठरलेली जाहीर सुनावणी आयोगाने रद्द केली. सर्वाधिक लोक जिथून बेपत्ता झाले होते, तिथेच सुनावणी झाली नाही. मेहेरिसच्या आठजणांबद्दलची चुकीची नोंद याच प्रक्रियेच्या पाठपुराव्यातून आलेली.

मग बाहेरचे कोणी पाहायला आहे का? कागदोपत्री आहे. 6 सप्टेंबर 1991 रोजी युद्धबंदी झाली आणि संयुक्त राष्ट्रांची ‘मिनुर्सो’ ही मोहीम तिथे आली. नावातच सार्वमत आहे. जानेवारी 1992 मध्ये मतदान व्हायचे होते. मतदार कोण, यावर घोडे अडले. मोरोक्कोने आपल्या बाजूचे हजारो अर्जदार पुढे केले, पोलिसारिओ 1974 च्या शिरगणतीला धरून होती. सुमारे 86 हजार लोक पात्र ठरले, आणि लगेच सव्वा लाखाहून जास्त अपिले दाखल झाली. सार्वमत झालेच नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी सात वर्षे खटपट केली आणि 2004 मध्ये हात टेकले. 2007 पासून मोरोक्को स्वायत्ततेचा प्रस्ताव पुढे करतो आहे, पोलिसारिओ सार्वमतावर अडून आहे.

राजकीय तिढा समजू शकतो. समजत नाही ती दुसरी गोष्ट. या मोहिमेला मानवाधिकारांवर लक्ष ठेवण्याचे काम दिलेलेच नाही. कोसोव्हो, पूर्व तिमोर, काँगो, दक्षिण सुदान इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांना हे काम दिले गेले. पश्चिम सहारात निळ्या टोपीवाल्याने रस्त्यावर माणसाला मारहाण होताना पाहिली, तरी त्याचा अहवाल लिहिणे हे त्याचे अधिकृत काम नाही. एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेत हे काम जोडण्याचा मसुदा तयार केला. मोरोक्कोने अमेरिकेबरोबरचा मोठा लष्करी सराव रद्द केला आणि राजधान्याराजधान्यांत दूत पाठवले. मसुद्यातले ते वाक्य गळाले. मार्च 2016 मध्ये महासचिव बान की-मून टिंडूफच्या छावण्यांत गेले आणि बोलताना त्यांच्या तोंडून ‘कब्जा’ हा शब्द आला. मोरोक्कोने मिनुर्सोच्या सत्तरहून अधिक नागरी कर्मचाऱ्यांना देश सोडायला लावले.

मोरोक्कोचा युक्तिवाद असा, की आमच्या राष्ट्रीय मानवाधिकार परिषदेच्या शाखा एल आयून आणि दाख्लात आहेत, बाहेरचा निरीक्षक आणणे म्हणजे आमच्या सार्वभौमत्वावर शंका घेणे. हा युक्तिवाद टिकत नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर आणि छळविरोधी करारावर मोरोक्कोने स्वतः सह्या केलेल्या आहेत. त्या करारांत कुठेही असे लिहिलेले नाही, की जमिनीच्या मालकीचा निकाल लागेपर्यंत कैद्याला मारता येईल. प्रदेश तुमचा असेल तर तिथली माणसे तुमचे नागरिक आहेत. नसेल तर जिनिव्हा करारांनुसार ती तुमच्या संरक्षणाखाली आहेत. दोन्हीकडून उत्तर एकच येते.

आणि हे पोलिसारिओलाही तितकेच लागू आहे. युद्धात पकडलेल्या मोरोक्कन सैनिकांना तिने वीस-वीस वर्षांहून अधिक काळ डांबून ठेवले, त्यांच्याकडून सक्तीने कामे करून घेतली. शेवटचे 404 युद्धकैदी ऑगस्ट 2005 मध्ये सुटले, म्हणजे युद्धबंदीनंतर चौदा वर्षांनी. छावण्यांत विरोधी सूर काढणाऱ्यांना 1980 च्या दशकात कैद आणि मारझोड सोसावी लागली. 2010 मध्ये पोलिसारिओच्या पोलीस दलातला एक वरिष्ठ अधिकारी, मुस्तफा सल्मा, मोरोक्कोच्या स्वायत्तता प्रस्तावाच्या बाजूने बोलला, तर त्याला अटक करून पुढे छावणीत परतू दिले नाही. छावण्या अल्जीरियाच्या भूमीवर आहेत, पण कारभार पोलिसारिओकडे सोपवून अल्जीरियाने हात झटकले आहेत. छावणीतल्या माणसाने तक्रार करायची तर कोणत्या कोर्टात, या प्रश्नाला तिथेही धड उत्तर मिळत नाही.

दोन्ही बाजूंच्या मधोमध एक भिंत आहे. 1980 ते 1987 या काळात मोरोक्कोने वाळू आणि दगडांचे सुमारे 2,700 किलोमीटरचे बांध घातले. त्यांच्या कडेने लाखो भूसुरुंग पेरलेले आहेत. पावसात सुरुंग वाहून जागा बदलतात. हिरवे दिसले की तिकडे कळप नेणाऱ्या मेंढपाळाचा पाय त्यावर पडतो. बळी आजही जातात. भिंतीमुळे प्रदेशाचा सुमारे चार-पंचमांश भाग मोरोक्कोकडे आहे आणि हजारो कुटुंबे दुभंगली आहेत. 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने छावण्या आणि शहरे यांच्यात भेटींची विमाने सुरू केली. तीस वर्षांनी बहीण-भाऊ पाच दिवसांपुरते भेटत. 2014 मध्ये तेही बंद पडले.

भिंतीच्या मोरोक्कन बाजूला बू क्रा ही फॉस्फेटची खाण आहे. तिथून समुद्रापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा वाहक पट्टा जातो. जगातला सर्वांत लांब पट्टा म्हणून तो ओळखला जातो आणि त्यावरून उडालेली पांढरी धूळ उपग्रहातून दिसते. फॉस्फेटपासून डीएपीसारखी खते होतात, आणि मोरोक्को हा भारताचा मोठा पुरवठादार आहे. बू क्राचा दगड भारतीय बंदरांवरही उतरल्याच्या नोंदी जहाजांवर पाळत ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी केल्या आहेत. आपल्या उसाला आणि सोयाबीनला घातलेल्या पोत्यात तिथले किती, हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. इतरत्र मात्र न्यायालयांनी हा प्रश्न विचारला आहे. मे 2017 मध्ये न्यूझीलंडकडे निघालेले सुमारे 55 हजार टन फॉस्फेटचे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथला अडवले गेले आणि पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने माल साहरावी प्रजासत्ताकाचा ठरवला. 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने मासेमारी आणि शेतमालाचे मोरोक्कोबरोबरचे करार पश्चिम सहाराच्या लोकांची संमती नसल्यामुळे रद्दबातल ठरवले. तिथल्या खरबुजांवर आणि टोमॅटोंवर मूळ ठिकाण ‘पश्चिम सहारा’ असेच छापले पाहिजे, असेही सांगितले.

कोर्टांचा सूर असा आणि सत्ताधाऱ्यांचा वेगळा. नोव्हेंबर 2020 मध्ये गेर्गेरात येथे युद्धबंदी मोडली. महिन्याभरात अमेरिकेने मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. इस्रायलशी संबंध जोडण्याच्या सौद्याचा तो भाग होता. 2022 मध्ये स्पेन, 2024 मध्ये फ्रान्स स्वायत्ततेच्या बाजूला आले. ऑक्टोबर 2025 मध्ये सुरक्षा परिषदेनेही मोरोक्कोचा प्रस्ताव चर्चेचा पाया म्हणून स्वीकारला. वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते स्पष्ट आहे. कदाचित स्वायत्ततेतून तोडगा निघेलही. पण तो निघाला तरी बेपत्तांची यादी, छळाच्या तक्रारी, ग्देम इझिकचे कैदी हे प्रश्न तोडग्यात आपोआप विरघळणार नाहीत. उलट आता निरीक्षकाची गरज जास्त आहे, कारण स्वायत्तता खरी आहे की नाही हे तिथला माणूस निर्धास्त बोलू शकतो का यावरूनच कळेल.

भारताने 1985 मध्ये साहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि 2000 मध्ये ती काढून घेतली. त्यानंतर दिल्लीने या प्रश्नावर मौन पत्करले आहे. मोरोक्कोशी व्यापार करायलाच हवा, खत हवेच. पण एल आयून आणि टिंडूफ दोन्हीकडे संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार निरीक्षक जावेत, एवढी मागणी करण्यासाठी कोणाचीही बाजू घ्यावी लागत नाही. स्वतः वसाहत राहिलेल्या देशाने ती उघडपणे करावी, आणि आपल्या संसदेत ज्यांना परराष्ट्र धोरणावर प्रश्न विचारता येतात त्यांनी ती सरकारकडून करवून घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाचे पथक पश्चिम सहारात शेवटचे गेले ते 2015 मध्ये. त्यानंतर पुन्हापुन्हा विचारूनही त्याला तिथे जाऊ दिलेले नाही.